नैराश्यावर लवकर लागू पडणारं औषध शोधायचं असेल तर

एम.फार्म. किंवा न्यूरोसायन्सची पीएच.डी. संपवून आमच्या विभागात येणारी मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, टार्गेट कुठलं धरायचं?" टार्गेट म्हणजे औषधाने मेंदूतल्या ज्या प्रोटीनवर काम करायचं ते; एनएमडीए, गाबा-ए, टीआरकेबी ही अशा प्रोटीनांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवते आणि सांगते, प्रोटीनचं नाव नंतर लिहा, आधी वेळ लिहा. डोस दिल्यावर किती तासांत फरक दिसायला हवा, तो किती दिवस टिकायला हवा, आणि तो फरक पडला हे तुम्हाला कोण सांगणार? उंदीर, स्कॅन की रुग्ण?

पुण्याजवळच्या एका कंत्राटी संशोधन कंपनीत प्राण्यांच्या वर्तनावरून औषधं तपासायचं माझं काम आहे. औषध चालतं का, याचं उत्तर जीव तोडून शोधणारे पुष्कळ भेटतात. ते लवकर चालतं का, हे सिद्ध करायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवणारे फार कमी. पुढे जे लिहिलंय ते या तयारीबद्दल आहे.

स्वतः उपचार घेत असलेल्या वाचकांना एक विनंती. यातलं काही वाचून चालू गोळी बंद करू नका, आणि खाली येणारी औषधं बाहेरून मिळवून घेऊन बघू नका. जीव नकोसा होत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही बोलता येतं.

आधी वेळ लिहा

आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या काय करतात ते नीट समजून घ्या. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटॅलोप्राम ही औषधं सेरोटोनिनला परत पेशीत ओढून घेणारं प्रोटीन अडवतात. त्या वाहक प्रोटीनला आम्ही बोलताना सर्ट म्हणतो. पेट स्कॅनवर मोजलं तर नेहमीच्या डोसला सुमारे ८० टक्के सर्ट अडलेलं दिसतं. हे अडवणं काही तासांत सुरू होतं. गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे जातात. त्यातही पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात साधारण एक तृतीयांशच निघाले. बाकीच्यांना दुसरी गोळी, आणि पुन्हा तेवढीच वाट.

ही वाट मी घरात पाहिली आहे. मिरजेच्या माझ्या मोठ्या मावशीला गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "महिनाभर धीर धरा, गुण येईल." त्या काळात काकांनी घरातल्या नको त्या वस्तू कुलपात टाकल्या होत्या. रात्री आळीपाळीने कुणीतरी तिच्या शेजारी अंथरूण टाकायचं, आणि ती कूस बदलली तरी जागं व्हायचं. महिना उलटल्यावर खरंच गुण आला. पण त्या घराला औषधाकडून काय हवं होतं हे कुणी विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं: या आठवड्यात काहीतरी होऊ दे.

म्हणून औषधाचा आराखडा लिहिताना (कंपन्यांत याला टीपीपी म्हणतात) पहिल्या ओळीत नुसतं 'जलद' लिहून भागत नाही. २४ तास की सात दिवस ते लिहा. एका डोसचा गुण किती दिवस पुरला पाहिजे ते लिहा. औषध घरी घेता येईल की रुग्णालयात बसावं लागेल, आणि रुग्ण त्या दिवशी दुचाकी चालवू शकेल का, तेही लिहा. किरकोळ वाटणाऱ्या या बाबींवर अख्खी औषधं बुडाली आहेत.

ब्रेक्सानोलोन घ्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेलं हे पहिलं औषध. मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरचं (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं, संदेश पकडणारं प्रोटीन) काम ते वाढवतं आणि अडीच दिवसांत फरक दाखवतं. पण ते सलग ६० तास शिरेतून द्यावं लागतं, आणि मधेच शुद्ध हरपण्याचा धोका असल्याने सतत कुणीतरी पाहत राहावं लागतं. ओली बाळंतीण, तान्हं बाळ, आणि ६० तास सलाईन. २०२४ अखेर कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. त्याच कंपनीने त्याच रिसेप्टरवर चालणारी झुरॅनोलोन ही गोळी बनवली होती. ती ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली: १४ दिवस, रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत, आणि नंतर १२ तास गाडी चालवायची नाही. प्रोटीन तेच, पण घरात वागवता येईल असं औषध. आराखडा लिहिताना ही जोडी डोळ्यांपुढे ठेवा.

प्रोटीन निवडताना

नवं टार्गेट सुचवणाऱ्याला मी आधी एकच विचारते: जुनी औषधं मंद का आहेत, याचं तुमचं उत्तर काय? ते उत्तर नसेल तर तुमचं औषध जलद असेल असं मानायला आधार काय?

एक उत्तर मला विशेष भावतं, ते सविस्तर सांगते. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या खोडात, राफे नावाच्या भागात असतात. तिथेच ५-एचटी१ए नावाचे रिसेप्टर असतात आणि ते ब्रेकचं काम करतात. भोवती सेरोटोनिन वाढलं की ते पेशीला गप्प करतात. फ्लुओक्सेटीनसारखी (एसएसआरआय) गोळी सर्ट सगळीकडेच अडवते, राफेतसुद्धा. त्यामुळे तिथे सेरोटोनिन साचतं, ब्रेक लागतो आणि पुढच्या मेंदूला मिळायचा पुरवठा वाढतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी हे रिसेप्टर बोथट होतात, मग कुठे पुरवठा सुरू होतो. ब्रेकच अडवला तर? बार्सिलोनाच्या फ्रान्सेस्क आर्टिगास यांनी १९९० च्या दशकात पिंडोलॉल हे ब्रेक अडवणारं औषध जोडीला देऊन हे करून पाहिलं. निकाल संमिश्र आले, पण प्रश्न अगदी योग्य जागी विचारला गेला होता.

चीनमधल्या नानजिंग वैद्यकीय विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये हाच धागा वेगळ्या टोकाने पकडला. राफेतल्या पेशींत सर्टच्या शेपटाला एनएनओएस नावाचं दुसरं प्रोटीन चिकटलेलं असतं आणि ते सर्टला पेशीच्या पृष्ठभागावर येऊ देत नाही. दीर्घकाळ ताण दिलेल्या उंदरांत राफेमध्ये ही जोडी वाढलेली दिसली. त्यांनी झेडझेडएल-७ नावाचा छोटा रेणू बनवून ही जोडी सोडवली. सर्ट पृष्ठभागावर आलं, राफेतलं साचलेलं सेरोटोनिन आत ओढलं गेलं, ब्रेक सुटला आणि पुढच्या मेंदूत सेरोटोनिन वाढलं. उंदरांत फरक दोन तासांत दिसला. सर्ट अडवून बरं करायचं, असं आपण चाळीस वर्षं शिकलो. इथे एका विशिष्ट जागी सर्टचं काम वाढवल्यावर गुण आला. हे अजून उंदरांतलं काम आहे, माणसांतलं नाही, हे विसरू नका. पण 'मंद का' या प्रश्नाला उत्तर देऊन मग रेणू घडवणं कसं असतं, ते शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी वाट केटामीनची. केटामीन एनएमडीए रिसेप्टर अडवतं. १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीत हा रेणू पहिल्यांदा बनला, १९७० मध्ये अमेरिकेत भुलीचं औषध म्हणून मंजूर झाला, आणि २००० मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने नैराश्याच्या मोजक्या रुग्णांत छोट्या डोसने काही तासांत फरक दाखवला. शरीराच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून. २००६ मध्ये कार्लोस झराटे यांच्या गटाने १८ रुग्णांत तेच केलं. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय फरक होता, आणि ३५ टक्क्यांत तो आठवडाभर टिकला. केटामीन शरीरात निम्मं व्हायला दोन-तीन तास लागतात. म्हणजे औषध निघून जातं आणि गुण मागे राहतो. खरं टार्गेट शोधायचं तर या उरलेल्या गुणात शोधा.

तिथे नेमकं काय होतं यावर मात्र एकमत नाही. येलच्या रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये एमटॉर हे प्रोटीन जागं होऊन नवे सायनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले जोड, बनतात असं दाखवलं. लिसा मोन्टेजिया यांच्या गटाने २०११ मध्ये ईईएफ२ कायनेझ या दुसऱ्या प्रोटीनकडे बोट दाखवलं. मेरीलँडच्या टॉड गूल्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये सांगितलं की केटामीनपासून शरीरात बनणारा एक पदार्थच काम करतो, आणि त्याला एनएमडीए अडवावंही लागत नाही. चीनमधल्या हु हाइलान यांनी २०१८ मध्ये लॅटरल हॅबेन्युला या इवल्याशा भागातल्या पेशींचं झपाट्याने चमकणं केटामीन थांबवतं असं दाखवलं. हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने २०२१ मध्ये तर फ्लुओक्सेटीन आणि केटामीन दोन्ही थेट टीआरकेबी या रिसेप्टरला चिकटतात असं मांडलं. आणि २०२० मध्ये माणसांत वेगळंच दिसलं. एमटॉर अडवणारं रॅपामायसिन आधी देऊन केटामीनचा गुण पुसला जाईल अशी अपेक्षा होती, तर तो जास्त दिवस टिकला.

नवख्यांना हे वाचून धास्ती वाटते. मला वाटतं, कामाला हात घालायची जागा नेमकी हीच आहे. फक्त एक पथ्य पाळा: तुमच्या टार्गेटवर आधी कोणतं औषध अपयशी ठरलं ते शोधा आणि ते का ठरलं हे एका पानात लिहा. मेमँटीन केटामीनचीच वाहिनी अडवतं, तरी नैराश्यात त्याचा उपयोग झाला नाही. एक कारण असं दिसतं की पेशीभोवती शरीरात असतं तेवढं मॅग्नेशियम ठेवलं तर मेमँटीन विश्रांतीतल्या रिसेप्टरला अडवत नाही, केटामीन अडवतं. आता विचार करा, तुमची पेशीवरची चाचणी मॅग्नेशियम काढून केली असेल तर दोन्ही औषधं सारखीच दिसतील. अशी चूक उंदरापर्यंत पोहोचली की महिने जातात.

सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणाऱ्या, औषधांची वाट तिसरी. त्यात सेरोटोनिनचा ५-एचटी२ए रिसेप्टर मुख्य. या विषयावर आपल्याकडे, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत पहिल्या प्रतीचं काम होतं. त्यांची पीएच.डी. ड्यूमन यांच्याकडचीच, आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. डीओआय या सायकेडेलिक रेणूने भीती-चिंता कमी होते ती मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या कोणत्या भागातल्या कोणत्या पेशींमार्फत, हे त्यांच्या गटाने उलगडलं. पेशीचा प्रकार इतका नेमका ठरवता येतो हे पाहायचं असेल तर ते शोधनिबंध मन लावून वाचा.

रेणू मेंदूत पोहोचतो का

हा भाग रसायनवाल्यांचा, म्हणून थोडक्यात. एकूण मेंदूत किती औषध सापडलं हा आकडा फसवा असतो. चरबीला चिकटून बसलेलं औषध कामाचं नाही. मोकळं किती आहे ते मागा, आणि तेही डोसनंतरच्या वेगवेगळ्या वेळांना. दोन तासांत गुण हवा आणि मेंदूत औषध सहा तासांनी चढतं, असा रेणू मी पुढे जाऊ देत नाही. पी-ग्लायकोप्रोटीन हा मेंदूच्या दारावरचा पंप त्याला परत बाहेर ढकलतं का, हृदयाची हर्ग वाहिनी अडते का, हे लवकर विचारा. दोन प्रोटीनांची जोडी सोडवायची असेल तर आणखी एक अडचण असते. चिकटण्याची जागा पसरट असल्याने पहिला यशस्वी रेणू बहुधा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, निघतो, आणि पेप्टाइड मेंदूत सहजी शिरत नाही. त्याला छोटं करायला रसायनवाल्यांना वेळ द्या. एनएमडीएच्या वाटेवर असाल तर उंदीर-घुशींच्या मेंदूचे रेट्रोस्प्लेनियल भागातले छेद तपासून घ्या. जॉन ओल्नी यांनी १९८९ मध्ये या जातीच्या औषधांनी तिथल्या पेशींत पोकळ्या पडतात हे दाखवलं होतं, आणि नियामक हे विचारणारच.

पिंजऱ्यापाशी

आता माझा विभाग, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेली चाचणी म्हणजे रॉजर पोर्सोल्ट यांची १९७७ ची पोहण्याची चाचणी. पाण्याच्या उभ्या भांड्यात उंदीर सहा मिनिटं ठेवायचा आणि शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ नुसता तरंगत राहिला ते मोजायचं. इमिप्रामीन हे नैराश्यावरचं जुनं औषध तासाभरापूर्वी दिलं तर उंदीर जास्त वेळ हातपाय मारतो. नीट विचार करा: माणसात ज्या औषधाला आठवडे लागतात ते इथे तासात 'लागू' पडतं. म्हणजे मंद आणि जलद यांतला फरक ही चाचणी दाखवूच शकत नाही. तरीही दर वर्षी कुणीतरी एकट्या या चाचणीच्या जोरावर 'जलद' शब्द वापरतं. तुम्ही वापरू नका.

वेळ मोजायची असेल तर अशी चाचणी घ्या जिथे फ्लुओक्सेटीनचा एक डोस नापास होतो आणि कित्येक दिवसांचे डोस पास होतात. अनोळखी जागी खाण्याची चाचणी ही अशी आहे. सुमारे दिवसभर उपाशी ठेवलेला उंदीर उजेडातल्या मोठ्या, अनोळखी खोक्यात सोडतात. मधोमध पांढऱ्या कागदावर खाद्याची एक गोळी असते. उंदीर आधी भिंतीला घासून फिरतो. मग मागचे पाय जागीच रोवून अंग लांब ताणतो, गोळी हुंगतो आणि सर्रकन कोपऱ्यात परततो. असं पुन:पुन्हा चालतं. शेवटी तो मधे येतो, गोळी पुढच्या दोन पंजांत धरतो आणि चावा घेतो. वेळ त्या चाव्याला थांबवायची. हुंगलं, पंजा लावला, गोळी ढकलली, हे काही धरायचं नाही. आमच्याकडे नवीन मुलगी आली की आधी तिला जुन्या चित्रफिती दाखवतो आणि तिने नोंदवलेली वेळ जुन्या नोंदींशी जुळेपर्यंत तिच्या हाती खरा प्रयोग देत नाही. चावा झाला की लगेच उंदराला त्याच्या घरच्या पिंजऱ्यात ठेवून तो किती खातो तेही तोला. औषधाने भूकच वाढली असेल तर उंदीर लवकर खाईल, आणि तुम्ही त्याला धीर समजाल.

गट असे पाडा: औषधाविना नुसतं द्रावण, तुमचं औषध, केटामीनचा एक डोस, आणि फ्लुओक्सेटीनचा एक डोस. हा चौथा गट कापून खर्च वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. तो कापू देऊ नका. तो नापास होणं हाच तुमच्या 'लवकर' या दाव्याचा पुरावा आहे. वेळाही तीन ठेवा: एक-दोन तास, २४ तास आणि सात दिवस. पहिल्या तासात दिसणारा फरक नुसत्या उत्तेजनाचाही असू शकतो, म्हणून मोकळ्या मैदानात उंदीर किती पळतो ते वेगळं मोजा. २४ तासांनी औषध रक्तातून गेलेलं असतं. तेव्हाही फरक टिकला तर त्यात काहीतरी आहे. आणि निरोगी, मजेत असलेल्या उंदरांवर हे सगळं करून थांबू नका. काही आठवडे सौम्य ताण दिलेल्या, साखरेच्या पाण्याची गोडी हरवलेल्या उंदरांत तपासा. साखरेच्या चाचणीत दोन बाटल्यांच्या जागा रोज बदला, कारण काही उंदीर एकाच बाजूला प्यायला जातात.

आता डोस कोण देतं याबद्दल. आमच्या अॅनिमल हाउसमध्ये एक मामा आहेत. उंदीर हाताळायची त्यांची हातोटी अशी की शेपटाला हात न लावता ओंजळीत घेतात आणि उंदीर अंगठ्याखाली शांत बसून राहतो. केटामीनचे डोस पूर्वी कधी ते द्यायचे, कधी आमच्यातली कुणी. २०२२ मध्ये गूल्ड यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यात दिसलं की केटामीन पुरुषाने टोचलं तर उंदरांत नैराश्यविरोधी परिणाम दिसतो, बाईने टोचलं तर दिसत नाही. उंदीर पुरुषांच्या वासाने ताणात येतात आणि त्या ताणाच्या वाटेनेच हा परिणाम येतो, असं त्यांनी ताणाच्या एका संप्रेरकापर्यंत माग काढून दाखवलं. मी तो निबंध मामांना समजावून सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, मग वहीत माझं नाव लिहीत जा की." तेव्हापासून प्रत्येक डोसपुढे देणाऱ्याचं नाव असतं, आणि एका प्रयोगात सगळ्या गटांना एकाच माणसाच्या हातून डोस जातो. तुमच्याकडेही हा रकाना वहीत करून घ्या.

सिरिंजवर औषधाचं नाव नको, नुसता सांकेतिक क्रमांक. पण केटामीन दिलेला उंदीर पाच मिनिटांत झोकांड्या खायला लागतो, त्यामुळे टोचणाऱ्याला कळतंच. म्हणून टोचणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा, आणि मोजणाऱ्याने डोसच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. केटामीन आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे. कपाटाला कुलूप, मिलिलिटरचा हिशेब, आणि प्राणी-नीतिसमितीची परवानगी हे सगळं प्रयोग ठरायच्या आधी. यात वेळ जातो, तो आराखड्यात धरा.

माणसांत जाताना

इथे काम क्लिनिकलवाल्यांकडे जातं, पण प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यांच्या बैठकीला बसलंच पाहिजे.

पहिली अडचण आंधळेपणाची, म्हणजे कुणाला काय मिळालं हे लपवण्याची. केटामीन घेतलेल्याला अंग तरंगल्यासारखं होतं आणि आपल्याला खरं औषध मिळालं हे तो ओळखतो. खारं पाणी प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) म्हणून वापरलं तर सगळा डाव उघड. म्हणून २०१३ च्या एका चाचणीत मिडाझोलाम वापरलं. तेही गुंगी आणतं. २४ तासांनी केटामीनच्या गटात ६४ टक्के, मिडाझोलामच्या गटात २८ टक्के लोकांना फरक होता. मग २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या ४० रुग्णांना भुलीतच केटामीन किंवा प्लासिबो दिलं. दोन्ही गटांची तब्येत सुधारली, आणि दोन्हींत फरक निघाला नाही. यातून केटामीन खोटं ठरत नाही, पण अपेक्षेचं वजन किती असतं ते कळतं. तुमच्या चाचणीत रुग्णाला शेवटी विचारा, तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? आणि ते उत्तर निकालासोबत छापा.

दुसरी अडचण मोजपट्टीची. नैराश्य मोजायच्या मॅड्रस या पट्टीत दहा मुद्दे आणि ६० गुण. त्यात झोप आणि भूकही येते. दोन तासांत झोपेचा गुण कसा बदलणार? त्यामुळे काही तासांनी मोजायचं असेल तर हे मुद्दे आधीच्या मोजणीचेच पुढे न्यायचे की गाळायचे, ते चाचणीआधी ठरवून नोंदवा. भारतात चाचणी असेल तर ती सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, तिथेच हेही लिहा. मुलाखत घेणाऱ्यांची तालीम एकत्र करून घ्या. विदर्भातल्या केंद्रावर "जीव रमत नाही" म्हणणाऱ्या रुग्णाला आणि मुंबईतल्या केंद्रावर "बोअर होतं सगळं" म्हणणाऱ्याला एकाच तराजूने गुण दिले गेले पाहिजेत.

एस्केटामीनचं (हा केटामीनचाच एक प्रकार) उदाहरण क्लिनिकलवाल्यांपुढे जरूर ठेवा. ५ मार्च २०१९ ला ते अमेरिकेत मंजूर झालं: नाकातला फवारा, त्यानंतर दोन तास दवाखान्यात बसून राहणं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. मंजुरीच्या आधीच्या अल्पकालीन चाचण्यांपैकी एकीतच प्लासिबोहून सरसपणा ठामपणे सिद्ध झाला होता, तोही मॅड्रसवर चार गुणांचा. त्याच आठवड्यात रॅपास्टिनेल पडलं. एनएमडीएवरच चालणारं, अंग न तरंगवणारं औषध, सुरुवातीच्या अभ्यासांत आशा दाखवणारं. तीन निर्णायक चाचण्या, तिन्हींत प्लासिबोइतकंच. झुरॅनोलोनलाही बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजुरी मिळाली, पण सर्वसाधारण नैराश्यासाठी मिळाली नाही.

थांबायचं कुठे ते आधी लिहा

प्रकल्पाच्या सुरुवातीला, निकाल हातात नसताना, एक यादी करा: काय दिसलं तर आम्ही थांबू. २४ तासांनी फरक उरला नाही. फ्लुओक्सेटीनचा गटही पास झाला. गुण येणारा डोस आणि झोकांड्या आणणारा डोस एकच निघाला. औषधाची चटक लागते असं प्राण्यांत दिसलं. नशेसाठी वर्षानुवर्षं केटामीन घेणाऱ्यांपैकी काहींचं मूत्राशय कायमचं खराब होऊ शकतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यायच्या औषधात तेही तपासा. ही यादी सगळ्यांच्या सह्यांनी फाइलला लावा. आशादायक आलेख समोर आल्यावर थांबायच्या अटी लिहायला कुणाचाही हात उचलत नाही.

याच फाइलमध्ये आणखी एक पान लावून घ्या. लवकर आलेला गुण लवकर उतरूही शकतो. एका डोसनंतर अनेकांना आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा त्रास सुरू होतो, आणि बरं वाटून परत खाली येणं हे आधीपेक्षाही अवघड जातं. तेव्हा तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी रुग्णाला फोन कोण करणार, घरातल्या कुणाचा नंबर घेतला आहे, त्रास उलटला तर कोणत्या डॉक्टरकडे कोणता उपचार तयार आहे, आणि चाचणी संपल्यावर त्याचा खर्च कोण देणार, हे नावानिशी लिहा. आमच्याकडे एकत्र बैठकीत आराखडा आला की मी हे पान आधी मागते, आणि ते भरून आल्याशिवाय पुढची चर्चा सुरू करत नाही.